संगणक पुनः सुरू कां होत नाहीं ?

घरांत, शाळेंत किंवा कचेरींत संगणक वापरणाऱ्या प्रत्येकास एक उपाय ठाऊक असतो : यंत्र रुसलें कीं तें बंद करून पुनः सुरू करावें. बहुधा एवढ्यानें काम भागतें; आणि म्हणूनच हा उपाय स्वतःच एक नाजूक व्यवहार आहे, याचा विचार कोणी करीत नाहीं. परंतु 'रीस्टार्ट' ही आज्ञा दिली असतां पडदा काळा व्हावा, पंखा मात्र गुणगुणत राहावा, आणि दहा मिनिटें वाट पाहूनहि यंत्रानें ना बंद ना सुरू अशा त्रिशंकूच्या अवस्थेंत लोंबकळत राहावें, असा प्रकार घडला म्हणजे पुष्कळांची मति कुंठित होते. मग कोणी सरळ वायर उपटतो. कोणी यंत्र पिशवींत घालून तुमसरास नेतो, व मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला ऐकून जड अंतःकरणानें पैसे मोजतो. वास्तविक अशा वेळीं यंत्राचा एकहि भाग बिघडलेला नसतो, असें पुष्कळदां आढळून येतें. बिघाड असतो तो यंत्रांतील दोन अधिकाऱ्यांच्या परस्पर समजुतींत. हे अधिकारी कोण, त्यांची हद्द कोठें लागते, आणि आज्ञा कोणाच्या हातून गळाली हें घरच्या घरीं कसें ओळखावें, एवढेंच या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

संगणकाची कळ दाबतांच त्याच्या प्रोसेसरास, म्हणजे गणन करणाऱ्या मुख्य चिपेस, मागचें कांहींच आठवत नसतें. तिला इतकेंच शिकविलेलें असतें कीं, वीज आली म्हणजे एका ठराविक पत्त्यावर जावें व तेथें जें लिहिलें असेल त्याप्रमाणें वागूं लागावें. त्या पत्त्यावर मदरबोर्डावरील एका लहानशा चिपेंत कारखान्यांतच लिहून ठेवलेला एक कार्यक्रम असतो, व वीज गेली तरी तो पुसला जात नाहीं. त्यास फर्मवेअर म्हणतात. जुन्या यंत्रांत त्याचें नांव बायोस. अलीकडच्या यंत्रांत यूईएफआय. हा पहिला अधिकारी. तो स्मृति तपासतो, कळफलक, डिस्क वगैरे मंडळी हजर आहेत कीं नाहींत तें पाहतो, आणि डिस्कवरून ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा आणवून त्याच्या हातीं कारभार सोंपवितो. हा गाभा म्हणजे दुसरा अधिकारी; त्याचें नांव कर्नल. (सैन्यांतील कर्नलाशीं याचा कांहीं संबंध नाहीं. इंग्रजींत दोहोंचा उच्चार एक, परंतु अक्षरें निराळीं व अर्थहि निराळा. आपला कर्नल म्हणजे बीजाच्या आंतील गर.) विंडोज असो कीं लिनक्स असो, कार्यक्रमांस स्मृति वांटून देणें, डिस्कवर लिहिणें, उपकरणांशीं बोलणें हें सारें हा कर्नलच करतो.

बपेऱ्याच्या वाचकांस हद्द म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. तुमसर तालुक्यांतील हें गांव महाराष्ट्राच्या टोंकास. पलीकडे मध्य प्रदेश. रस्ता एकच, माणसें तींच, परंतु हद्द ओलांडली कीं कचेऱ्या बदलतात व शिक्के बदलतात. समजा, सिहोऱ्याहून निघालेला एखादा गृहस्थ पलीकडच्या आपल्या सोयऱ्यांकडे पोंचलाच नाहीं. तर शहाणा मनुष्य प्रथम काय विचारील ? शेवटीं तो कोणाच्या दृष्टीस पडला, व तें हद्दीच्या अलीकडे कीं पलीकडे ? याचें उत्तर मिळेपर्यंत दोन्ही राज्यांच्या पोलिसांस दोष देत बसण्यांत अर्थ नाहीं. संगणकाच्या पुनरारंभाचा तपास नेमका असाच करावयाचा असतो. तसें पाहिलें तर १९५६ सालच्या राज्य-पुनर्रचनेपूर्वीं भंडारा व बालाघाट हे दोन्ही जिल्हे एकाच प्रांतांत मोडत असत, व आजची ही हद्द तेव्हां नव्हती. संगणकांच्या जगांतहि असा एक काळ होऊन गेला आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत तेथीलच मंडळींनीं बांधिलेला 'टिफ्रॅक' नांवाचा संगणक १९६० सालीं चालूं झाला, व १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें नामकरण केलें. यंत्र रचणारे, त्यास कागदी फितीवरून कार्यक्रम पुरविणारे व अडल्यास दुरुस्त करणारे सारे एकाच संस्थेचे. त्यांच्यांत मतभेद झाला तर तो चहाच्या टेबलावर मिटण्यासारखा होता. पुढें १९८१ सालीं आयबीएम कंपनीनें आपला वैयक्तिक संगणक विक्रीस काढिला. त्यांत प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टची, आणि बायोस आयबीएमचें. त्याच धर्तीचीं यंत्रें मग इतरांनींहि काढलीं, आणि आज मदरबोर्ड एकाचा, फर्मवेअर दुसऱ्याचें, कर्नल तिसऱ्याचा, हीच रीत झाली आहे. लिनक्सचा कर्नल तर १९९१ सालीं फिनलंडमध्यें लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें आरंभिला, व पुढें जगभरच्या लोकांनीं तो वाढविला. त्यांतील बहुतेकांनीं तुमच्या टेबलावरील यंत्र जन्मांत पाहिलेलें नसतें. दोन्ही पक्षांनीं पाळावयाचे नियम छापलेले असतात खरे, परंतु छापील नियमांचा अर्थ दोन कचेऱ्या दोन तऱ्हांनीं लावतात, हें सांगावयास नको.

आतां 'रीस्टार्ट' या आज्ञेचें पुढें काय होतें तें पाहूं. प्रथम चालूं असलेल्या कार्यक्रमांस आवरतें घेण्यास सांगितलें जातें. स्मृतींत राहिलेला व डिस्कवर न उतरलेला मजकूर डिस्कवर लिहिला जातो. मग कर्नल डिस्कचें खातें बंद करतो, उपकरणांस शांत करतो, आणि प्रोसेसर अनेक असल्यास एक ठेवून बाकीचे थांबवितो. येथें त्याच्या हद्दींतील काम संपलें. प्रोसेसरास मूळ स्थितीस नेणारी रीसेट नांवाची तार मदरबोर्डावर असते, व ती बाहेरून कोणी तरी हलवावी लागते. स्वतःच्या खांद्यावर स्वतः चढणें जसें मनुष्यास अशक्य, तसेंच हें कर्नलास अशक्य. म्हणून तो एखादी घंटा वाजवितो, आणि कोणी ऐकतो कीं काय याची वाट पाहतो. घंटा ऐकली गेली तर वाट पाहणाराच नाहींसा होतो व यंत्र नव्यानें जन्मतें. न ऐकली गेली तर तोच काळा पडदा व तोच गुणगुणणारा पंखा.

या घंटांपैकीं सर्वांत जुनीची कथा मोठी मौजेची आहे. १९८४ सालीं आयबीएमनें 'पीसी-एटी' हें यंत्र काढिलें. त्यांतील ८०२८६ हा प्रोसेसर आपल्या साध्या अवस्थेंतून 'संरक्षित' अवस्थेंत जाऊं शकत असे. परंतु परत येण्याची वाट त्यास ठेविलेलीच नव्हती. अभिमन्यूस चक्रव्यूहांत शिरणें ठाऊक होतें, बाहेर पडणें नव्हतें, तसाच हा प्रकार. परतावयाचें तर एकच मार्ग उरे, तो म्हणजे रीसेट. तेव्हां अभियंत्यांनीं कळफलकाचा कारभार पाहणाऱ्या ८०४२ या चिपेची एक तार प्रोसेसराच्या रीसेटास जोडून दिली. सोळाच्या पद्धतीनें ६४ हा क्रमांक असलेल्या दारावर 'एफई' हा अंक लिहिला कीं कळफलकाची चिप ती तार क्षणभर ओढते आणि सारें यंत्र नव्यानें सुरू होतें. अक्षरें टंकण्याच्या साधनाचा आणि यंत्राच्या पुनर्जन्माचा अर्थाअर्थीं कांहीं संबंध नाहीं; परंतु अडचणीच्या वेळीं काढलेली ही वाट पुढें इतकी रुळली कीं, चाळीस वर्षांनंतरहि कर्नल ती जुनी घंटा वाजवून पाहतोच.

दुसरी घंटा अधिक पद्धतशीर आहे. एसीपीआय नांवाचा नियमग्रंथ १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तींत असें ठरलें कीं, पुनरारंभासाठीं कोणत्या पत्त्यावर कोणता अंक लिहावा हें फर्मवेअरनें एका तक्त्यांत नोंदवून ठेवावें, व कर्नलानें तें वाचून तसें करावें. तिसरी घंटा मदरबोर्डावरील मुख्य चिपसंचाच्या 'सीएफ९' या दारावर असते. चौथी म्हणजे यूईएफआयलाच सरळ विनंती करणें. आणि एक शेवटची, अगदीं निर्वाणीची : प्रोसेसराकडून मुद्दाम एक चूक करवावयाची, ती निस्तरतांना दुसरी, व दुसरी निस्तरतांना तिसरी. तिसऱ्या चुकीसरशीं प्रोसेसर हात टेकतो, आणि मदरबोर्ड त्यास रीसेट करतो. इंग्रजींत यास 'ट्रिपल फॉल्ट' म्हणतात.

साध्या घरगुती यंत्रांवर लिनक्सचा कर्नल प्रथम एसीपीआयची घंटा वाजवितो. तरीहि आपण जिवंतच आहों असें आढळल्यास कळफलकाची. मग पुनः एसीपीआयची, पुनः कळफलकाची. आणि त्यानंतर यूईएफआयला विनवितो. एकच दार दोनदां कां ठोठवावें, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारतील. याचें उत्तर मासलेवाईक आहे : विंडोज तसें करते म्हणून. फर्मवेअर लिहिणारा आपलें काम तपासतो तें बहुतकरून विंडोजवर. तेथें यंत्र पुनः सुरू झालें कीं त्याचें काम संपलें. मग तें पहिल्या घंटेस उठलें कीं चौथ्या, याची चौकशी तो कशास करील? म्हणून लिनक्सच्या मंडळींनीं नियमग्रंथापेक्षां प्रत्यक्ष वहिवाट पाहून आपला क्रम लाविला. आमच्या मतें यांत शहाणपण आहे, जरी नियमनिष्ठांस तें रुचणार नाहीं. इतकें करूनहि जीं यंत्रें हट्ट धरून बसतात त्यांची एक यादीच कर्नलाच्या मूळ लिखाणांत ठेविलेली आहे. तींत ॲपलचीं कांहीं मॅकबुकें आहेत, डेलचीं कांहीं लॅटिट्यूड यंत्रें आहेत. अमक्या यंत्रावर अमकीच घंटा वाजवावी, असें तेथें एकेका यंत्राच्या नांवानिशीं लिहिलें आहे. यादींतील बहुतेक ओळ कोणा तरी वापरणाऱ्याच्या तक्रारीवरून आलेली आहे.

घंटा ऐकली जाऊनहि कधीं कधीं काम फसतें, त्याचें कारण निराळें. पुनरारंभ दोन प्रकारचा असतो, उष्ण व शीत. शीत प्रकारांत वीज पूर्णपणें तोडली जाते व प्रत्येक उपकरण सारें कांहीं विसरतें. उष्ण प्रकारांत वीज चालूंच राहते. प्रोसेसर विसरतो, परंतु डिस्क, वाय-फायची चिप वगैरे मंडळी मागच्या डावांतील कांहीं अवस्था धरून बसूं शकतात. जुन्या आयबीएम यंत्रांत तर स्मृतीच्या ४७२ या पत्त्यावर १२३४ हा अंक ठेवून रीसेट केल्यास बायोस स्मृतीची लांबलचक परीक्षा गाळीत असे. वेळ वांचे, परंतु जुनी घाणहि मागें राहूं शके. नव्यानें आलेलें फर्मवेअर त्या उपकरणास कोरें समजून हाक मारतें, तें भलतेंच उत्तर देतें, आणि यंत्र कंपनीचें चिन्ह दाखवून तेथेंच थिजतें. वीज पूर्ण तोडून यंत्र सुरू केलें असतां सर्व ठीक, पण 'रीस्टार्ट' केलें कीं डिस्क सांपडत नाहीं, असें दिसलें तर हेंच कारण धरून चालावें.

आतां प्रत्यक्ष तपास. यास हत्यार लागत नाहीं. एक वही व थोडा धीर पुरे. 'रीस्टार्ट' दिल्यावर यंत्र कोठें थांबतें तें प्रथम नीट पाहावें. लिनक्सवर पडद्यावरील चित्र बाजूस सारून अक्षरें दिसूं दिलीं, तर अगदीं शेवटीं 'रीबूट : रीस्टार्टिंग सिस्टीम' अशा अर्थाची एक ओळ येते. ही ओळ आली, म्हणजे कर्नलानें आपली हद्द सोडली व घंटेला हात घातला. शोध पलीकडे करावयाचा. ओळ आलीच नाहीं, तर प्रवासी अजून अलीकडेच अडकला आहे. एखादा कार्यक्रम मिटत नसेल, किंवा एखाद्या उपकरणाचा चालक, ज्यास ड्रायव्हर म्हणतात, तो शांत होत नसेल. अशा वेळीं यंत्र पुनः सुरू झाल्यावर मागील वेळची कर्नलाची रोजनिशी उघडून तिची शेवटची पानें वाचावीं. आणि ओळ येऊन गेली, पडदा काळा झाला, मग कंपनीचें चिन्हहि झळकलें व यंत्र तेथें थांबलें, तर घंटा ऐकली गेली आहे. दोष फर्मवेअरच्या हजेरींत आहे. तेव्हां यूएसबीला जोडलेलें सर्व कांहीं, पेन-ड्राईव्ह, प्रिंटर, मोबाईलची तारसुद्धां काढून पुनः प्रयत्न करावा.

'शट डाउन' नीट होतें पण 'रीस्टार्ट' होत नाहीं, असेंहि घडतें. तें पाहून गोंधळूं नये. वीज तोडण्याची वाट निराळी व रीसेटची वाट निराळी आहे.

घंटा ऐकलीच जात नाहीं असें ठरलें, तर घंटा बदलून पाहावी. लिनक्स सुरू होतांना 'ग्रब' नांवाचा द्वारपाल एक यादी दाखवितो. तेथें 'ई' ची कळ दाबली असतां सुरू करण्याच्या आज्ञा दिसतात. त्यांतील 'लिनक्स' शब्दानें आरंभ होणाऱ्या ओळीच्या शेवटीं इंग्रजी अक्षरांत 'रीबूट', मग बरोबरचें चिन्ह, आणि मग घंटेचें नांव (एसीपीआय, केबीडी, पीसीआय, ईएफआय किंवा ट्रिपल) जागा न सोडतां लिहावें, व एफ-१० दाबून यंत्र सुरू करावें. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, म्हणून भिण्याचें कारण नाहीं. मग 'रीस्टार्ट' देऊन काय झालें तें वहींत टिपावें. एका वेळीं एकच बदल करावा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या गुणानें रोग बरा झाला तें कळत नाहीं. एखादी घंटा लागू पडली कीं ती ओळ कायमची घालून ठेवतां येते, आणि मदरबोर्डाचे पैसे घरांत राहतात. मधल्या प्रयोगांत यंत्र अडकलें तर वायर उपटूं नये. विजेची कळ चार सेकंदांहून अधिक वेळ दाबून धरावी. अर्थात् वरील ओळ येऊन गेली असेल तरच असें बळानें बंद करणें निर्धास्त. ओळ आली नसेल तर डिस्कवर लिहिणें चालूं असूं शकतें, व मध्येंच वीज तोडल्यास एखाद्याची वर्षाची मेहनत जावयाची. म्हणून आधीं पुष्कळ वाट पाहावी.

याच्या अगदीं उलट असा दुसरा प्रकार आहे. त्यांत यंत्र पुनः सुरू होण्यास नकार देत नाहीं. उलट तें थांबतच नाहीं, एकसारखें पुनः पुनः सुरू होत राहतें. याचें सर्वांत मोठें उदाहरण मुंबईच्या विमानतळावरील प्रवाशांनीं १९ जुलै २०२४ रोजीं अनुभविलें. क्राउडस्ट्राइक या कंपनीचा एक पहारेकरी कार्यक्रम विंडोजच्या कर्नलाच्या आंत बसलेला असे. त्या सकाळीं आपल्या घड्याळाप्रमाणें ९ वाजून ३९ मिनिटांनीं कंपनीनें त्यास एक नवी माहिती-फाईल धाडली. पहारेकऱ्याची अपेक्षा २१ रकान्यांची, त्यास पुरविलेले रकाने २०. नसलेला एकविसावा रकाना वाचावयास तो गेला, भलत्याच स्मृतींत शिरला, आणि कर्नलानें तत्काळ सर्व कारभार थांबविला. यंत्र आपोआप पुनः सुरू झालें. फर्मवेअरनें आपलें काम चोख केलें व कर्नलास बोलाविलें. कर्नलानें आरंभींच पहारेकऱ्यास उठविलें. आणि पहारेकरी पुनः त्याच खड्ड्यांत पडला. चूक १० वाजून ५७ मिनिटांनीं मागें घेतली गेली, म्हणजे अवघ्या ७८ मिनिटांत. परंतु मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें तोंवर सुमारें ८५ लक्ष यंत्रें या फेऱ्यांत सांपडलीं होतीं. मुंबई व दिल्ली येथें अकासा एअरला प्रवाशांची नोंद हातानें करावी लागली. दुरुस्ती सोपी होती, ती म्हणजे यंत्र 'सेफ मोड'मध्यें सुरू करून एक फाईल पुसणें. परंतु जें यंत्र धड सुरूच होत नाहीं त्यास दुरून आज्ञा कशी पोंचणार? बहुतेक ठिकाणीं मनुष्यास एकेका यंत्रापाशीं स्वतः जावें लागलें, आणि ज्यांच्या डिस्कला कुलूप होतें तेथें ४८ अंकांची किल्लीहि शोधावी लागली. या प्रकारांत फर्मवेअर सर्वस्वीं निर्दोष होतें. तेथें घंटा बदलून कांहींच साधलें नसतें. आपल्या घरचें यंत्र असें फिरत राहिलें, तर नुकतीच कोणती नवी वस्तु आंत आली याचा विचार आधीं करावा. नवें कांहींच आलें नसेल व यंत्र केव्हांहि, कोणत्याहि क्षणीं आपण होऊन पुनः सुरू होत असेल, तर मात्र उष्णता, धूळ, वीजपुरवठ्याचा डबा व स्मृतीच्या पट्ट्या यांकडे पाहावें. तें काम दुकानदाराचेंच.

विंडोज वापरणाऱ्यांसाठीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नांवाची सोय आली. ती चालूं असतां 'शट डाउन' केल्यावर कर्नल खरोखर संपत नाहीं. त्याची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतात व दुसऱ्या दिवशीं तीच उचलतात. म्हणून रात्रीं यंत्र बंद करून सकाळीं सुरू केलें तरी कालचा दोष तसाच राहतो, आणि 'रीस्टार्ट' केल्यावर जातो. कारण 'रीस्टार्ट'मध्यें कर्नल नव्यानेंच आणला जातो. 'शिफ्ट'ची कळ दाबून धरून 'शट डाउन' केलें तर यंत्र पूर्णपणें बंद होतें.

घंटा बदलूनहि गुण न आल्यास फर्मवेअरची नवी आवृत्ति घालणें हा पुढचा उपाय. यंत्र बनविणाऱ्या कंपनीकडून ती विनामूल्य मिळते. परंतु ही शस्त्रक्रिया आहे. जुनें पुसून नवें लिहिलें जात असतां मध्येंच वीज गेली, तर प्रोसेसरास पहिल्या पत्त्यावर अर्धवट मजकूर सांपडतो व यंत्र उठतच नाहीं. म्हणून लॅपटॉपची बॅटरी भरलेली असावी व चार्जरहि जोडलेला असावा. टेबलावरील यंत्रास यूपीएस नसेल तर पावसाळ्यांतील वादळी संध्याकाळीं हा उद्योग आरंभूं नये. आणि लिनक्सवर एखाद्या निराळ्या घंटेनेंच काम होत असल्याचें आढळलें, तर यंत्राचें पूर्ण नांव, फर्मवेअरची आवृत्ति व तिची तारीख, आणि लागू पडलेल्या घंटेचें नांव, इतकें लिहून कर्नलाची देखभाल करणाऱ्यांस कळवावें. तपास खरा ठरला तर त्या यंत्राची ओळ यादींत चढते, आणि त्याच जातीचें यंत्र दुसऱ्या कोणाच्या घरीं असेल तें नवा कर्नल घातल्यावर पहिल्याच आज्ञेस पुनः सुरू होतें.